राखणीला बसल्यावर

शाळू दुधात आला की आमच्या वस्तीवर राखण सुरू होते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात सप्टेंबर संपता संपता पेरलेली ज्वारी डिसेंबरात निसवते. दाणा आधी दुधात, मग चिकात, मग हुरड्यात येतो, आणि तिथून कणीस वाळेपर्यंत रान पाखरांपासून सांभाळावं लागतं. उजाडायच्या आत माळ्यावर चढायचं. दहा-साडेदहाला ऊन तापलं की पाखरं सावलीला जातात, तेवढ्यात घरचं आवरायचं, आणि चारनंतर दिवस मावळेपर्यंत पुन्हा माळा. मी लग्न होऊन आले तेव्हा हे काम माझ्या सासूबाईंकडं होतं. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. त्यांच्या गुडघ्यांनी माळा चढणं सोडलं तशी गोफण माझ्या हातात आली.

पाखरं बघायला म्हणून मी कधी कुठं गेलेली नाही. पण हातात गोफण घेऊन, पाखरू आता काय करणार एवढंच बघत तासन् तास बसायचं काम ज्याच्या वाट्याला येतं त्याला पाखरं ओळखावीच लागतात. सगळ्यांनाच हाकलत बसलं तर दुपारपर्यंत घसा बसतो आणि खांदा निकामी होतो. कुणाला उठवायचं आणि कुणाला बसू द्यायचं, ते आत्यांनी मला पहिल्याच हंगामात शिकवलं. "आगं, त्यो कोतवाल हाय. त्याला कशाला उठवतीस? त्यो दाणा खात न्हाई," असं त्या खालून ओरडायच्या, आणि मी हात खाली घ्यायची.

कोतवाल कणसावर बसतो तो उंच जागा मिळते म्हणून. तिथून झेप घेऊन उडता किडा धरायचा आणि परत त्याच कणसावर यायचं. वेडा राघूही त्याच जातीच्या कामाचा, फक्त तो बांधावरच्या तारेवर जास्त रमतो. साळुंकीचं दोन्हीकडं असतं. कणसात अळी असेल तर ती आधी अळी उचलते, पण दाणाही सोडत नाही. चिमणी कणसाला बिलगून बसते, चिकातला दाणा चोचीत दाबते आणि आतला चीक तेवढा घेते. लांबून कणीस भरलेलं दिसतं, हातात घेतलं की हलकं लागतं. होला कणसावर फारसा चढत नाही, तो खाली सांडलेलं वेचतो, म्हणून त्याच्यामागं धावण्यात अर्थ नसतो. सगळ्यात उधळ्या पोपट. तो कणसाचा तुकडाच तोडून लिंबावर नेतो, थोडे दाणे खातो आणि बाकीचं खाली टाकतो. मग लिंबाखाली ते वेचायला होले जमतात, आणि रात्री तिथं उंदीर आले की त्यांच्यावर टपलेलं गव्हाणी घुबड. एका कणसावर किती जणांचं पोट चालतं हे माळ्यावरून जसं दिसतं तसं जमिनीवरून दिसत नाही.

गोफणीतला खडा पाखराला लागावा म्हणून सोडायचा नसतो. खडा सुटताना दोरीच्या टोकाचा जो फटका वाजतो त्यानं थवा उठतो. खडे मातीचे करून वाळवलेले असले तर रानात दगड साठत नाहीत, पुढं कोळपणीला त्रास होत नाही. आता गोफण वळणारी माणसं कमी झाली. कुणी रानाभोवती चमकीच्या पट्ट्या बांधतं, कुणी जुन्या कॅसेटची टेप ताणून लावतं; वाऱ्यावर ती घुंघुं वाजते. बॅटरीवरचे भोंगेही आले आहेत, त्यात माणसाचं ओरडणं भरून ठेवलेलं असतं. पाखरं या सगळ्याला सरावतात. आवाज दर वेळी त्याच जागेवरून, त्याच पट्टीत येतो हे चिमण्यांना कळायला फार वेळ लागत नाही. माळ्यावर माणूस असला की तो कधी उठेल, कुठून ओरडेल याचा नेम नसतो, आणि पाखराला धाक बसतो तो त्या अनिश्चितपणाचा.

या सगळ्यांत भोरड्यांची गोष्ट वेगळी आहे. पुस्तकात त्यांना पळसमैना किंवा गुलाबी मैना म्हणतात. काळं डोकं, काळे पंख आणि मधलं अंग गुलाबी. लहान पिल्लं मात्र मळकट मातकट रंगाची, त्यामुळं थव्यात दोन वेगळ्या जाती आहेत असं वाटतं. त्या एकेकट्या येत नाहीत. ढगाची सावली रानावरून सरकावी तसा थवा सरकतो, एका कडेला उतरतो, आणि मागच्या पाखरांनी पुढच्यांच्या डोक्यावरून झेपा घेत घेत सगळं रान चाळून काढतो. अशा वेळी ओरडून उपयोग नसतो. थवा उतरायच्या आधी उठवावा लागतो. म्हणून राखणदाराची नजर पिकावर कमी आणि आभाळाच्या कडेवर जास्त असते.

मध्य आशियापासून पूर्व युरोपापर्यंत पसरलेल्या गवताळ माळांवर, दगडांच्या कपारींमध्ये भोरड्यांची वीण होते. ज्या वर्षी जिथं टोळ आणि नाकतोडे भरपूर, तिथं त्यांची वसाहत. चीनमधल्या शिनजियांग प्रांतात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून माणसांनी त्यांच्यासाठी दगडांची घरटी रचून दिली आहेत. हे मी फार उशिरा वाचलं, पण वाचून आश्चर्य वाटलं नाही. आमच्याकडं त्या ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, तेव्हा रानात ज्वारी नसतेच. चरणीच्या माळावर म्हशींच्या पायांपुढं उडणारे नाकतोडे टिपत त्या चालत असतात. शाळू पिकतो तेव्हा त्या दाण्यावर येतात. शाळू निघाला की फेब्रुवारी-मार्चात पांगऱ्याच्या आणि काटेसावरीच्या फुलांवर जातात, मधासाठी. परागांनी त्यांची कपाळं पिवळी झालेली असतात. एप्रिलमध्ये त्या उत्तरेला निघून जातात. मी दुधाचा हिशेब ज्या कॅलेंडरवर लिहिते त्याच चौकटीत 'भोरड्या आल्या', 'भोरड्या गेल्या' असं लिहायची सवय मला लागली. मग 'धोबी आला', 'पावशा बोलला', 'चातक दिसला' हेही. जुनी कॅलेंडरं मी टाकत नाही.

पावशाचं तर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. उन्हाळ्याच्या शेवटी तो 'पेरते व्हा' म्हणून सांगतो आणि शेतकरी आभाळाकडं बघतो. पण घराजवळ राहून बघितलं की त्याच्या ओरडण्यामागचं त्याचं स्वतःचं कामही दिसतं. पावशाची मादी आपलं अंडं सातभाईंच्या घरट्यात घालते. अंडी दोघांचीही निळी. सातभाईंचा विणीचा काळ आला की पावशाचा आवाज वाढतो. चातकही आफ्रिकेकडून पावसाच्या वाऱ्याबरोबर येतो तो याच सातभाईंच्या भरवशावर. आमच्या परसातल्या शेवग्याखाली श्रावणात एकदा सातभाईंचं अख्खं टोळकं एका पट्ट्यापट्ट्यांच्या शेपटीच्या, त्यांच्यापेक्षा थोराड दिसणाऱ्या पिल्लाला भरवताना मी पाहिलं. एक अळी देऊन जातो, लगेच दुसरा पुढं येतो. सातभाई आपली पिल्लंही अशीच सगळ्यांनी मिळून वाढवतात, एकट्या आईबापांवर सोडत नाहीत. मला त्या पिल्लाचा राग आला नाही आणि सातभाईंची कीवही आली नाही. ते इतक्या मन लावून भरवत होते की मी हातातली भाजी निवडायची थांबवली.

घराभोवतीची पाखरं माणसाच्या सोबतीला असतात असं लोक म्हणतात. माझा अनुभव असा की ती आपल्या कामाच्या सोबतीला असतात. नांगर रानात घातला की कुठून कुठून गायबगळे हजर होतात. बैल होते तेव्हा ते बैलांच्या पायांशी चालायचे, आता ट्रॅक्टरच्या फाळामागं चालतात. उलटलेल्या ढेकळातली हुमणी त्यांना हवी असते. उसाला पाणी सोडलं की थंडीतले धोबी शेपट्या हलवत दाऱ्याच्या कडेनं किडे वेचतात. म्हैस पाण्याबाहेर निघाली की तिच्या पाठीवर कोतवाल. दळणाआधी मी अंगणात ज्वारी पाखडायला बसते तेव्हा सुपाच्या पहिल्या फटक्याला चिमण्या उतरतात. त्यांना माझी ओढ नसते, सुपाच्या आवाजाची असते. आणि म्हणून आपलं काम बदललं की पाखरांचं बिऱ्हाड हलतं.

आमचं जुनं घर माळवदाचं होतं. दगडमातीच्या जाड भिंती, वर तुळया, तुळयांवर किलचनं आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. किलचन आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत चिमण्यांची पिढ्यान् पिढ्यांची घरं होती. स्वयंपाकघरात काड्या पडायच्या, आत्या कुरकुर करत झाडायच्या, पण कुणी सांद बुजवली नाही. मग पावसाळ्यात माळवद गळायला लागलं, माती टाकणारी माणसं मिळेनात, आणि आम्ही स्लॅबचं घर बांधलं. घर चांगलं झालं, मला ते आवडतं. पण त्यात चिमणीला शिरायला एक फट नव्हती. त्या वर्षी चिमण्या गोठ्याकडं गेल्या. पत्र्याखालच्या लोखंडी पाइपांची तोंडं उघडी होती, त्यात त्यांनी काड्या भरल्या. एप्रिलच्या उन्हात तो पाइप हात लावू देत नाही इतका तापतो. पिल्लं तोंडाशी येऊन चोची उघडून बसायची. आम्ही पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर टाकला, त्यानं म्हशींनाही गारवा मिळाला. घराच्या पूर्वेच्या भिंतीला, सज्जाखाली, लाकडी खोकी टांगली. जी खोकी माणसाच्या येण्याजाण्यापासून फार लांब होती ती रिकामी राहिली, दाराजवळची भरली.

चिमणीला दाणे टाकून भागत नाही, हेही इथंच कळलं. ती स्वतः दाण्यावर जगते, पण पिल्लाला पहिले दिवस अळ्या आणि मऊ किडेच लागतात. वालाच्या वेलावर मावा आणि अळी पडली की नर-मादी दिवसभर तिथं फेऱ्या मारतात. परसातल्या वेलावर औषध मारायचं मी बंद केलं. भाजी थोडी किडकी निघते. 20 मार्चला चिमणी दिवस असतो, 2010 पासून तो जगभर पाळतात, त्या दिवशी दाण्यापाण्याची भांडी खूप लागतात आणि ती लागावीत. पण आमच्या उन्हाळ्यात भांड्यापेक्षा एक फवारणी टाळणं पिल्लाच्या जास्त उपयोगी पडतं, असं माझं मत आहे.

विहिरीवर आलेल्या बाभळीच्या फांद्यांना सुगरणीची घरटी लोंबतात. नर कोवळ्या पात्यांच्या धांद्या काढून विणतो. आमच्याकडं त्या उसाच्या आणि बाजरीच्या पाल्याच्या असतात. घरटं अर्धवट, टोपीच्या आकाराचं झालं की माद्या बघायला येतात. आत शिरतात, ओढून बघतात. पसंत पडलं तर पुढचं काम, नाही तर ते घरटं तसंच लोंबत राहतं आणि नर नव्यानं सुरुवात करतो. पसंत पडून मादी अंड्यांवर बसली की तो दुसऱ्या घरट्याला आणि दुसऱ्या मादीच्या शोधाला लागतो. सलीम अलींनी 1930 च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला राहून नेमकं हेच पाहिलं आणि लिहून काढलं. त्या वेळी त्यांच्याकडं नोकरी नव्हती, राहत्या घराजवळ सुगरणींची वसाहत होती. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे. देशातला सगळ्यात मोठा पक्षिशास्त्रज्ञ, आणि त्याचं एक महत्त्वाचं काम दाराजवळच्या, रोज दिसणाऱ्या पाखरावर झालं.

टिटवीबद्दल गावात जे बोलतात ते मी खरं-खोटं करत बसत नाही. तिनं अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस मोठा, सखलात घातली तर कमी, असं आत्या मानायच्या. मी एवढं बघितलं आहे की चुलत सासऱ्यांनी मुरमाड टोकाला तिची चार अंडी दिसल्यावर तेवढा तुकडा वळसा घालून नांगर पुढं नेला होता, आणि आता ट्रॅक्टरवाल्याला तेच सांगायला कुणाला तरी रानात उभं राहावं लागतं, कारण सीटवरून ती अंडी खड्यांत दिसत नाहीत. मे महिन्याच्या दुपारी ती टिटवी म्हशींच्या हौदाखाली सांडलेल्या पाण्यात पोट भिजवते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर जाऊन बसते. हौद थोडा भरून वाहू दिला की तिचं काम होतं.

धाकट्या भाऊजींनी शाळूचं रान मोडून डाळिंब लावलं. सांगोल्याकडं डाळिंबानं माणसं उभी राहिली, तेव्हा त्यांना नको म्हणायचा कुणाला हक्क नाही. डाळिंब लागलं तसे बुलबुल आले. पिकलेल्या फळाला एक टोच पडली की ते फळ बाजारातून गेलं. मग बागेवर जाळी आली. एका पहाटे मी धारा काढायला निघाले तर जाळीच्या कोपऱ्यात पिंगळा अडकलेला. धडपडून धडपडून धागा पंखाच्या मुळाशी आवळला होता. डोक्यावर ओढणी टाकली की पाखरू शांत होतं, हे कोंबड्यांमुळं ठाऊक होतं. ह्यांनी दोन्ही पंख अंगाशी दाबून धरले आणि मी नखं कापायच्या कात्रीनं एकेक धागा तोडला; ओढून काढला असता तर पंख निखळला असता. मग त्याला खोक्यात घालून अंधारात ठेवलं आणि संध्याकाळी लिंबाच्या ढोलीजवळ सोडलं. पिंगळा बुलबुलासारखा डाळिंबाला नव्हताच आलेला, बागेतल्या किड्यांना आला होता. आता भाऊजी जाळी ताठ ताणतात, खालची कड जमिनीला दाबून घेतात, आणि फळ निघालं की लगेच गुंडाळतात. सैल जाळीत पाखरू गुरफटतं, ताठ जाळीवरून ते माघारी उडतं. बागाईतदारांनी एवढं केलं तरी पुष्कळ जीव वाचतील.

आपल्या राज्यात 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. 5 तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 तारखेला सलीम अलींचा. त्यानिमित्त गावातल्या शाळेची मुलं गुरुजींबरोबर वस्तीवर आली होती. बांधावर बसून त्यांनी यादी केली, मी नावं सांगितली. एका मुलानं विचारलं, "काकू, सगळ्यात वाईट पाखरू कुठलं?" त्याच्या घरी बापानं ज्वारी बंद केली होती, भोरड्यांना कंटाळून.

त्या मुलाला मी जे सांगितलं ते इथं जरा सविस्तर सांगते. आमच्या शिवारात पूर्वी नजर जाईल तिथवर शाळू असायचा. भोरड्या तेव्हाही थव्यानं यायच्या, पण त्यांचं खाणं एवढ्या मोठ्या रानावर पसरलेलं असायचं. एकेका घराच्या वाट्याला थोडं जायचं. मग ऊस आला, डाळिंब आलं, शाळूची काढणी उपटून करावी लागते म्हणून मजूर मिळेनात, आणि शाळूचे पट्टे तुटक झाले. थवा तेवढाच, रान थोडं. उरलेल्या दोन-तीन एकरांवर सगळ्या पंचक्रोशीची पाखरं उतरायला लागली. त्या शेतकऱ्याचं निम्मं कणीस गेलं, पुढच्या वर्षी त्यानं ज्वारी सोडली, आणि त्याच्या वाट्याची पाखरं शेजाऱ्याच्या रानावर आली. पाखरं वाईट झाली नाहीत, वाढलीही नाहीत. आपण एकेकटे पडत गेलो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, 2023 हे वर्ष साऱ्या जगानं भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं, शहरात आमच्या भाकरीला चांगला भाव आहे. तरी राखणीला माणूस नाही म्हणून रान सोडावं लागतं, हे मला मनापासून लागतं.

त्यावर एक उपाय जुन्या माणसांना माहीत होता. सगळ्यांनी लागून लागून, एकाच आठवड्यात पेरायचं. पीक एकदम दुधात येतं, एकदम वाळतं, पाखरांना खायला मिळणारे दिवस कमी होतात आणि नुकसान वाटून जातं. पुढंमागं पेरलं की आधी निसवलेलं रान आणि सगळ्यात शेवटी वाळणारं रान ही दोन्ही साफ होतात. या वर्षी आमच्या बांधाला बांध लागून असलेल्या चार घरांची बैठक आमच्या अंगणात झाली. उत्तरा नक्षत्र संपताना जो पहिला वापसा मिळेल त्यावर चौघांनी एकदम पेरायचं असं ठरलं. शेजारच्या वस्तीवरच्या आण्णांना हस्ताचा पाऊस बघायचा होता, पण ते तयार झाले. माळे चार न बांधता दोनच बांधायचे, एक पूर्वेच्या अंगाला, कारण ओढ्याकाठच्या बाभळींत रात्र काढून भोरड्या तिकडूनच येतात, आणि पाळ्या लावायच्या. अडलं आहे ते बियाण्यावर. आम्हाला मालदांडीच हवी, आण्णांच्या मुलाला नवा वाण करून बघायचा आहे, आणि दोन्ही एका वेळी वाळणार नाहीत. पेरणीआधी पुन्हा बसायचं आहे.